लेकरू झाल्यावर नोकरीचं काय होतं? नागपूरच्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

आधी मी कोण ते सांगते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होती, मुलगी झाल्यावर साडेतीन वर्षं घरी बसली, मग परत लागली, आणि आता दोन-तीन छोट्या फर्मचे पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असं सगळं पाहते. त्यामुळे हळदीकुंकवाला असो, शाळेच्या गेटवर असो की मेट्रोत, कोणी ना कोणी बाजूला घेऊन हेच विचारते. तेच तेच सांगून थकली म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी वकील नाहीये, मामला कोर्टात जाईल असं वाटलं तं वकिलाकडेच जा.

प्रश्न: लेकरू झालं की बायकांची नोकरी सुटते हे खरंच इतकं होतं का, की आपल्याच ओळखीत दिसतं?

होतं, आणि जिथे आपल्याला वाटतं की होत नसेल तिथेही होतं. डेन्मार्कचं उदाहरण घ्या. तिथे पाळणाघरं स्वस्त, सुट्ट्या भरपूर, नवरे भांडी घासतात असं आपण ऐकतो. तिथल्या १९८० ते २०१३ च्या सरकारी नोंदी घेऊन अर्थतज्ज्ञांनी पाहिलं की पहिलं मूल व्हायच्या आधी बाई आणि पुरुष दोघांच्या कमाईची रेघ सोबत सोबत चालते, आणि मूल झालं की बाईची रेघ धाडकन खाली येते, जवळपास ३० टक्के, आणि पुरुषाची रेघ जशीच्या तशी. वीस वर्षांनी पाहिलं तरी बाई साधारण २० टक्के मागेच. हे डेन्मार्कमध्ये! मग आपल्या मानेवाडा, बेसा, जरीपटक्यात काय होत असेल ते समजून घ्या.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये जगाचा हिशोब मांडला, तर मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं सांभाळायची म्हणून पगारी कामाच्या बाहेर असलेल्या बाया ७० कोटी ८० लाख. त्याच कारणाने बाहेर असलेले पुरुष चार कोटी.

प्रश्न: पण बायकांचं कामातलं प्रमाण तं वाढून राहिलं म्हणतात?

हो, वाढलंय. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) १५ वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं, २०२३-२४ ला ४१.७ झालं. आकडा खोटा नाही, पण त्याच्या पोटात शिरून पाहा. गावाकडे ४७.६ आहे आणि शहरात फक्त २८. शिवाय काम करणाऱ्या बायांपैकी ६७ टक्क्यांच्या वर स्वयंरोजगारात आहेत, त्यातल्या कितीतरी घरच्याच शेतात, दुकानात, दळणाच्या चक्कीवर बिनपगारी मदतनीस. नवऱ्याचं किराणा दुकान आहे, बाई लेकरू कडेवर घेऊन काउंटरवर बसते, संध्याकाळी गल्ल्यातले पैसे त्याच्या खिशात. सर्व्हेत ती 'कामगार' आहे. तिला विचाराल तं म्हणेल, मी कुठं काही करते, घरीच असते.

म्हणून मी नेहमी काम आणि पगारी काम असे दोन शब्द वेगळे ठेवते. लेकरू झाल्यावर बाईचं काम कमी होत नाही हो, उलट डबल होतं. पगारी काम तेवढं सुटतं.

प्रश्न: नेमकी कधी सुटते नोकरी? बाळंतपणात?

नाही, आणि इथेच सगळ्यांचं गणित चुकतं. बाळंतपणात कोणी सोडत नाही फारसं, तेव्हा आई असते, सासू असते, डिंकाचे लाडू असतात, सगळे कौतुकाने करतात. सुटते ती नंतर. पहिला झटका सहा महिन्यांनी, रजा संपते तेव्हा. पण दुसरा झटका कोणी धरतच नाही, तो लेकरू शाळेत जायला लागलं की येतो, आणि माझ्या मते तोच जास्त बायकांना घरी बसवतो.

नागपूरच्या शाळेचा टाइम पाहा ना. सकाळी सातची शाळा, साडेबारा-एकला सुटते, व्हॅनवाले काका दीडपर्यंत घरी सोडतात. ऑफिस सुटतं सहाला. एमआयडीसीत असाल तं साडेसहा, बुटीबोरीला असाल तं घरी यायला साडेसात-आठ, कारण ते पंचवीस-तीस किलोमीटर पडतं. म्हणजे दुपारी दोन ते संध्याकाळी सात हे पाच तास लेकरू कोणाकडे? आणि उन्हाळ्यात तं विचारूच नका, ४५-४६ डिग्रीत लेकराला दुपारी खाली खेळायलाही पाठवता येत नाही, कूलरसमोर बसवून ठेवायला कोणी मोठं माणूस लागतंच. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सुट्टी पण आपल्याकडेच लांब. पुण्याची जाऊबाई जूनच्या मध्यात मोकळी होते, आपण अजून दहा-बारा दिवस लेकराला कुठं ठेवू याच्या फोनाफोनीत.

मी स्वतः बाळंतपणात नाही सोडली नोकरी. मुलगी सव्वा वर्षाची असताना सोडली. पाळणाघरवाल्या काकूंच्या सुनेची डिलिव्हरी होती, त्या दोन महिने बंद ठेवणार होत्या, आणि तेव्हाच आमचं मार्चएंड. साहेबांनी तोंडावर काही म्हटलं नाही, फक्त माझ्या फाइली बाजूच्या टेबलावर द्यायला लागले. सव्वीस आठवड्यांच्या रजेने हे दोन महिने भरून निघत नाहीत. बाळंतपणाच्या रजेवर एवढा मोठा कायदा झाला, चांगलंच झालं, पण दुपारी दोन ते सात यावर कोणताच कायदा नाही.

प्रश्न: पाळणाघराची फी, व्हॅन, पेट्रोल सगळं धरलं तं माझा पगार त्यातच जातो. मग कशाला जायचं?

हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, आणि मी पण हाच हिशोब करून घरी बसली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, पाळणाघराची फी बाईच्याच पगारातून का वजा होते? लेकरू दोघांचं आहे ना? घराचं भाडं, गाडीचा हप्ता कोणी असा वजा करत नाही की 'माझा पगार हप्त्यात जातो, मग मी नोकरी सोडतो'. फी दोघांच्या एकूण पगारातून काढा, चित्र लगेच वेगळं दिसते.

दुसरी गोष्ट, आजचा पगार आणि आजची फी एवढंच धरायचं नसते. समजा पगार २५,००० आहे आणि वर्षाला ८ टक्के वाढतो. पाच वर्षांनी तो ३६,७०० च्या वर जातो. घरी बसून पाच वर्षांनी परत २५,००० वरच लागलात (आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरही घेत नाहीत) तं दर महिन्याला साडेअकरा हजारांचा फरक, आणि तो रिटायरमेंटपर्यंत मागे लागतो, कारण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावर मिळणार. पीएफ वेगळाच. १५,००० बेसिकवर तुमचे १,८०० आणि कंपनीचे ५५० असे महिन्याला २,३५० पीएफ खात्यात पडतात, पाच वर्षांत १ लाख ४१ हजार, व्याज न धरता. कंपनीचे बाकीचे १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात ते पण थांबतात.

आणि फी कायमची नसते. लेकरू तीन वर्षांचं झालं की थोडी कमी, सहाचं झालं की आणखी कमी, दहा-अकराचं झालं की स्वतःची किल्ली घेऊन येतं. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या खर्चासाठी तीस वर्षांची कमाई सोडायची. हे मला तेव्हा कोणी कागदावर मांडून दाखवलं असतं तं! अकाउंट्सवाली असून मलाच नाही सुचलं, कारण तेव्हा झोपच होत नव्हती.

तरीही सगळं मांडून कोणी म्हणत असेल की मला दोन वर्षं लेकरासोबतच राहायचंय, तं खुशाल राहा, त्याची लाज नाही. फक्त 'परवडत नाही' आणि 'मला राहायचंय' यातलं आपलं कारण कोणतं, ते स्वतःला नीट ठाऊक पाहिजे.

प्रश्न: बाळंतपणाची रजा नेमकी किती, आणि कोणाला?

मूळ कायदा १९६१ चा, २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, आणि सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही याच तरतुदी आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पहिल्या दोन लेकरांना २६ आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. आधीची दोन लेकरं असतील तं १२ आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे, हे फार कमी जणींना माहीत असते, आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसला येतात. परत आल्यावर लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला जादा ब्रेक.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी कापली जात असेल तं हे पैसे कंपनी देत नाही, ईएसआयसी देते, तिथे ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं. त्यामुळे 'आम्हाला परवडत नाही' असं कंपनी म्हणाली तं आधी आपली पगाराची स्लिप काढून पाहा.

प्रश्न: मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. मला काही मिळत नाही म्हणतात.

म्हणू द्या. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या (हजेरीपटावरच्या) रोजंदारी बायांच्या केसमध्ये सांगितलं की रोजाने काम करणारीलाही प्रसूती लाभ लागू आहे. आणि २०२३ मध्ये कॉन्ट्रॅक्टवरच्या एका डॉक्टर बाईच्या केसमध्ये सांगितलं की मधेच कॉन्ट्रॅक्ट संपला म्हणून हा लाभ संपत नाही. हे दोन निकाल एचआरला नुसते बोलून दाखवा, कधी कधी तेवढ्यानेही आवाज खाली येतो.

प्रश्न: कंपनी म्हणते आत्ता राजीनामा दे, लेकरू मोठं झालं की परत घेऊ. देऊ का?

नका देऊ. रजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे, रजेत तुमच्या नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या करणंही बेकायदेशीर आहे. पण राजीनाम्यावर तुमची सही असली की मग कोणी काढलंच नाही, तुम्हीच सोडली. 'परत घेऊ' हे लेखी मागा, देत नाहीत म्हणजे घेणार नाहीत.

प्रश्न: कंपनीतच पाळणाघर पाहिजे असा नियम आहे ना? मी तं कुठे पाहिलं नाही.

आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराला भेटायला जाऊ द्यायचं. पन्नास म्हणजे पन्नास बाया असं नाही, सगळे मिळून पन्नास. नोकरीवर घेतानाच हे सगळे लाभ बाईला लेखी कळवायचे असंही त्यात आहे, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ती ओळ आहे का पाहा. माझ्यात नव्हती.

प्रत्यक्षात काय होते सांगते. एका ठिकाणी मी पाळणाघराची खोली पाहिली, भिंतीवर मिकी माउस काढलेला, आणि आत जुने मॉनिटर आणि खोकी. इन्स्पेक्शनच्या दिवशी खोकी बाहेर. पण हे पण खरं की हिंगण्यातल्या एखाद्या शेडमध्ये पन्नास माणसं आणि त्यात लहान लेकरू असलेली बाई एकच, ती एका लेकरासाठी आया कशी ठेवतील. तिथे पाच-सहा कंपन्यांनी मिळून एक चालवलं तर होऊ शकते, सामाईक सोय चालते. पण त्यासाठी पाच मालकांनी एका टेबलावर बसायला पाहिजे, आणि ते पार्किंगच्या भांडणाशिवाय बसत नाहीत.

प्रश्न: रजा २६ आठवड्यांची केल्यामुळेच मालक तरुण बायांना घेत नाहीत, हे खरं का?

काही प्रमाणात खरं आहे, आणि मालकाच्या बाजूने हिशोब पाहणारी म्हणून मी हे झाकून ठेवत नाही. २१,००० च्या वरचा पगार असेल तं सहा महिन्यांचा सगळा भार एकट्या मालकावर येतो. बऱ्याच देशांत हा पैसा सामाजिक विम्यातून येतो म्हणून मालकाला घेणं-न घेणं सारखंच पडतं. बारा माणसांच्या फर्मला सहा महिने दोन पगार म्हणजे जड जाते. म्हणून मग इंटरव्ह्यूत विचारतात, लग्न झालं का, आत्ता काही प्लॅनिंग आहे का, सासर कुठं.

पण सगळं खापर रजेवर फोडायचं नाही. अमेरिकेत, जिथे केंद्राच्या कायद्याने अशी पगारी रजाच नाही, तिथे २००७ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. सारख्याच गुणवत्तेचे बनावट बायोडाटा पाठवले, फरक एवढाच की एकीच्या कागदावर पालक संघटनेचा उल्लेख, म्हणजे ती आई आहे हे कळावं. आई नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून जास्त बोलावणी आली. बापांना काहीच दंड नाही! तेव्हा पैशाचा भार नसतानाही डोक्यातलं गणित तेच: बाप झाला म्हणजे जबाबदार झाला, आई झाली म्हणजे आता हिचं लक्ष घरी.

प्रश्न: मूल आईलाच लागतं, हे निसर्गाचंच नाही का?

नऊ महिने आणि दूध, एवढं निसर्गाचं, मान्य. त्यानंतरचं डबा, डायपर, शाळेतली पालकसभा यात निसर्ग कुठे आला? परत डेन्मार्ककडेच जाते, तिथे दत्तक घेतलेल्या घरांचाही अभ्यास झाला. त्या आईने ना पोटात वाढवलं, ना बाळंतपण सोसलं, तरी काही वर्षांनी तिच्या कमाईला बसलेला फटका साधारण तेवढाच.

प्रश्न: घरी सासूबाई आहेत, मग काय टेन्शन?

टेन्शन कमी होते हे खरंच. शहरी भारताच्या १९८३ ते २०११ च्या एनएसएस (सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की घरात सहा वर्षांच्या आतलं लेकरू असलं की आईचं नोकरीत असणं कमी होते, आणि घरात पन्नाशीच्या वरची बाई असली की वाढते. पन्नाशीचा पुरुष म्हटलेलं नाही, बाईच! आजोबा बागेत फिरायला जातात.

पण आता त्या साठीच्या बाईकडेही पाहा ना. तिचे गुडघे गेलेले, तिला बीपी, तिने आपली दोन-तीन वाढवली आणि आता परत दीड वर्षाच्या पोट्ट्यामागे धावायचं, बिनपगारी. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, त्यांनी मला सरळ सांगितलं, बाई मी चारपर्यंत पाहीन, चारनंतर माझं भजनी मंडळ आहे. तेव्हा मला राग आला होता. आता वाटते बरोबरच होतं त्यांचं, निदान मला माहीत तं होतं की चारनंतर सोय पाहायची आहे, नाहीतर काही घरी 'राहू दे गं, मी पाहते' म्हणतात आणि मग दिवाळीपर्यंत सगळ्यांना ऐकवतात.

प्रश्न: आणि जी मावशी माझं लेकरू सांभाळते तिच्या लेकराचं काय?

हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, मीच टाकला. आमच्याकडे येणाऱ्या मावशींची मोठी मुलगी आठवीत होती, धाकट्या भावाला सांभाळायला ती आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवायची. म्हणजे माझी नोकरी त्या पोरीच्या शाळेवर उभी होती, आणि हे मला कळायला वर्ष लागलं.

अंगणवाडी आहे, १९७५ पासून आहे, पण ती सकाळी थोडे तास, खिचडी झाली की बंद. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दुपारपर्यंत लेकरू ठेवायला जागा पाहिजे असते. केंद्राची 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीतच दिवसभराचं पाळणाघर, कल्पना एकदम बरोबर आहे, आपल्या वस्तीत चालू आहे का हे अंगणवाडी सेविकेला विचारा. तिच्याशी प्रेमाने बोला, तिला स्वतःला पगार नाही, मानधन मिळते. बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेत पहिल्या लेकराला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. २६ आठवड्यांच्या पगाराशेजारी हे किती होतात ते मी सांगायला नको.

प्रश्न: घरूनच काही केलं तर? ट्यूशन, डबे, वर्क फ्रॉम होम?

करा, पण डोळे उघडे ठेवून. घरून काम म्हटलं की घरातल्यांना फक्त 'घरून' ऐकू येते, 'काम' ऐकू येत नाही. २०२४ च्या सरकारी वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचा दिवसाचा २८९ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात, पुरुषांचा ८८ मिनिटांचा. लेकरं-म्हातारी सांभाळणं त्याच्यावर वेगळं, १३७ आणि ७५. हे पावणेपाच तास उरकून लॅपटॉप उघडतो तो रात्री अकराला.

ट्यूशनचं उलट मस्त जमते, कारण ट्यूशनचा टाइमच दुपारी चार ते सात, आणि आपलंच लेकरू त्यात बसवता येते. पण दरवर्षी पंधरा पोरं तेवढीच फी, वाढ नाही, पीएफ नाही. डबे करणाऱ्या एका मैत्रिणीला मी विचारलं गॅस, भाजी धरून महिन्याला काय सुटते, तिने कधी लिहिलंच नव्हतं. लिहिलं तेव्हा कळलं की दोन डबे तोट्यात जात होते.

प्रश्न: ज्या नोकरीत पैसा आहे त्यातच बाई का टिकत नाही?

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन बाईंना मिळालं ते याच कामासाठी, अमेरिकेतल्या बायकांच्या दोनशे वर्षांच्या नोकऱ्यांचा अभ्यास. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काही नोकऱ्या हावऱ्या असतात, रात्री आठला फोन उचलेल, रविवारी येईल, उद्या मुंबईला जा म्हटलं की बॅग भरेल, त्यालाच दुप्पट पैसा. घरात दोघंही असे राहू शकत नाहीत, कोणीतरी एक शाळेचा फोन उचलायला मोकळं पाहिजे. मग एकाने हावरी नोकरी धरायची, दुसरीने साधी. यात नवरा वाईट असायची गरजच नाही, हिशोबच तसा बसतो. आमच्याकडे मार्चएंडला रात्री दहापर्यंत थांबणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी सिनियर केलं. तो माझ्याकडूनच टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शिकला होता.

प्रश्न: बापाला सुट्टी मिळते का?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस. खाजगीत कायद्याने शून्य, कंपनीची मर्जी. स्वीडनने १९७४ मध्येच ही रजा आई-बाप दोघांची केली, आज ४८० दिवसांपैकी ९० दिवस असे आहेत की बापाने घेतले नाहीत तर वाया जातात, आईला देता येत नाहीत. वाया जातात म्हटल्यावर बाप घेतात. सेलमधलं कूपन कोणी सोडत नाही, तसंच आहे ते.

प्रश्न: सरकारी नोकरीत हे सगळं सोपं असते ना?

सोपं नाही, पण बरंच बरं. केंद्राच्या बाईला लेकरू अठराचं होईपर्यंत मिळून ७३० दिवस बालसंगोपन रजा, पहिले ३६५ पूर्ण पगारावर, पुढचे ८० टक्क्यांवर. राज्य सरकारची १८० दिवस. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी ठेवून देतात बाया ती. म्हणूनच आपल्याकडे मुलीला 'बीएड कर, शिक्षिका हो' म्हणतात, शाळेचा आणि लेकराचा टाइम जुळतो. पण सगळ्याच मुलींनी टाइम पाहूनच काय व्हायचं ते ठरवायचं का, हे मला आवडत नाही.

प्रश्न: गॅपनंतर परत लागायचंय. पीएफ काढून टाकू का? इंटरव्ह्यूत काय सांगू?

पीएफ काढू नका. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तं टॅक्स लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढले की आधीची वर्षं पुसली जातात. त्याऐवजी फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, परत लागाल तेव्हा जुनी वर्षं जोडली जातात. मी काढून टाकला होता, त्यातून सोफा घेतला. सोफ्याची स्प्रिंग कधीच गेली.

इंटरव्ह्यूत गॅपसाठी माफी मागू नका. 'लेकरू लहान होतं, आता सोय आहे, अमुक वाजेपर्यंत थांबू शकते' एवढं एका वाक्यात सांगा आणि कामावर या. घरी असताना काहीतरी हाताशी ठेवा, जीएसटी रिटर्न, टॅली, जे आपल्या लाइनचं असेल ते, महिन्यातून दोन दिवस का होईना. आणि शक्य असेल तं मेट्रोच्या लाइनीवरची नोकरी पाहा. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर मेट्रो आहे, खापरी बाजूला मिहान आहे, येण्याजाण्यात वाचलेला अर्धा तास पाळणाघर बंद व्हायच्या वेळी फार कामी येतो.

प्रश्न: सगळ्यात आधी काय करू? एकच सांगा.

शाळेच्या आणि पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा टाका.

हसू नका. व्हॅन आली नाही, ताप आला, पोट्टं पडलं, की शाळा पहिल्या नंबरला फोन लावते, आणि ज्याला फोन येतो तोच उठून जातो. आमच्याकडे माझाच होता, नवऱ्याला कधी कळलंच नाही की महिन्यातून चार वेळा फोन येतो. मुलगी दुसरीत गेली तेव्हा बदलला. पहिले दोन महिने शाळेतल्या मॅडम सवयीने मलाच लावत होत्या, 'पप्पा बिझी असतील ना' म्हणून. मग एक दिवस त्याला लागला, तो सदरला मीटिंगमध्ये, मुलीने उलटी केली होती. तो गेला, घेऊन आला, साबुदाण्याची पेज केली, आणि संध्याकाळी मला विचारलं, हे असं दर वेळी तूच करायची का?

मी म्हटलं, हो, आणि ते थर्मामीटर जागेवर ठेव.